उरणच्या कंत्राटदाराला उत्तर: गुणवत्ता, सुरक्षा आणि पर्यावरण यांची एकच व्यवस्था कशी लावावी

प्रश्न असा आला आहे: "आमची उरणला छोटी फर्म आहे. टाक्यांचं ब्लास्टिंग-पेंटिंग (ब्लास्टिंग म्हणजे हवेच्या दाबाने ग्रिटचे खरखरीत कण मारून पत्रा साफ करणं), पाइपिंगची दुरुस्ती आणि शटडाउनची (प्लांट बंद ठेवून करायची) कामं घेतो. आयएसओ ९००१ आधीपासून आहे, आता टेंडरमध्ये १४००१ आणि ४५००१ही मागतात. कन्सल्टंट तीन वेगळी मॅन्युअल करून देतो म्हणतो. ती सांभाळायला आमच्याकडे माणसं नाहीत. तिन्ही एकत्र करता येतात का, ऑडिटरला चालतं का, आणि सुरुवात कुठून करायची?"

एकत्र करता येतात आणि ऑडिटरलाही चालतं. ९००१ (गुणवत्ता) आणि १४००१ (पर्यावरण) यांच्या २०१५ च्या आवृत्त्या आणि ओएचएसएएस १८००१ या जुन्या मानकाच्या जागी २०१८ मध्ये आलेलं ४५००१ (कामगारांची सुरक्षा) या तिघांचा सांगाडा मुद्दाम सारखा ठेवलेला आहे. कलम ४ ते १० ची शीर्षकं जवळजवळ तीच आहेत. अंतर्गत ऑडिट तिन्हींत ९.२ ला, व्यवस्थापनाचा आढावा ९.३ ला आणि चूक सापडल्यावर करायची सुधारणा १०.२ ला. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था एकत्रित ऑडिट करतात आणि त्यात ऑडिटचे दिवसही वाचतात. शिवाय २०१५ पासून ९००१ स्वतः मॅन्युअल मागतच नाही. टेंडरमध्ये मागितलं असेल तर एक करा, तीन कशाला?

पण हा झाला कागद. कलमांचा तक्ता जुळवून तीन मॅन्युअलचं एक करणं चार दिवसांचं काम आहे. आपल्या किनाऱ्यावर अशी 'एकत्रित' प्रमाणपत्रं भिंतीवर लावलेल्या बऱ्याच फर्म मी पाहिल्या आहेत. साइटवर मात्र क्यूसीवाला (गुणवत्ता तपासणारा), सेफ्टीवाला आणि कचऱ्याच्या नोंदी ठेवणारा हे तिघं एकमेकांशी बोलतही नसतात. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे. सुरुवात कलमांपासून करू नका, कामापासून करा. आणि कामातही आधी दुबार कामापासून.

आपल्या धंद्यात या तिन्ही गोष्टी खऱ्या अर्थाने एकत्र येतात त्या दुबार कामात. जॉइंटची रेडिओग्राफीची (एक्स-रेसारखी) फिल्म रिजेक्ट झाली की वेल्डर पुन्हा त्याच स्कॅफोल्डवर (परांचीवर) चढतो, पुन्हा ग्राइंडिंग, पुन्हा हॉट वर्क परमिट (आग-ठिणगीच्या कामाची परवानगी), पुन्हा रात्री इरिडियमचा किरणोत्सारी सोर्स बाहेर काढून रेडिओग्राफी. पेंट सोलवटला की पुन्हा ब्लास्टिंग, पुन्हा तेवढंच ग्रिट, तेवढेच रिकामे डबे. एका कामाचे सगळे धोके आणि सगळा कचरा दुसऱ्यांदा वाट्याला येतो. तोही घाईत, बहुधा रात्री, हँडओव्हरची तारीख उलटून गेलेली असताना आणि त्या कामाचे पैसे मिळणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असताना. अपघात व्हायला याहून अनुकूल वेळ नाही. तरीही बहुतेक फर्ममध्ये दुबार काम क्यूसीच्या एनसीआर (नापास कामाच्या नोंदींच्या) रजिस्टरात पडून राहतं आणि सेफ्टीच्या बैठकीत त्याचा उल्लेखही होत नाही.

तुमचंच काम घेऊ. खाडीकाठच्या टाकीचं ब्लास्टिंग आणि पेंटिंग. स्पेसिफिकेशन म्हणतं पत्रा एसए २.५ दर्जापर्यंत (जुना गंज-पेंट जवळजवळ पूर्ण निघालेला) साफ हवा, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते) किमान ३ अंशांनी जास्त हवं. आता कोकणचं हवामान बघा. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे पत्रा २८ अंशांच्या वर हवा. पण रात्रभर उघड्यावर थंड झालेला टाकीचा पत्रा सकाळी हवेपेक्षा गार असतो. सात वाजता पेंटर तयार उभे असतात आणि पत्रा तयार नसतो. ऊन चढेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे मेहनतीचं काम दुपारच्या उन्हात सरकतं. दवबिंदूची नोंद क्यूसीची आणि उष्माघाताची काळजी सेफ्टीची असं वाटून टाकलं, की एकजण काम दुपारी ढकलतो आणि दुसऱ्याला ते दुपारी कळतं. दोघांनी आदल्या संध्याकाळी मिळून पाळीची वेळ ठरवली तर सकाळी ब्लास्टिंग, दहाच्या पुढे पहिला कोट, भर दुपारी विश्रांती अशी सोय लावता येते.

आता मीठ. समुद्राकडून वारा सुटला की ब्लास्ट केलेल्या पत्र्यावरही खार बसतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण वर पेंट मारला की एक-दोन पावसाळ्यांत खाली फोड येतात. म्हणून विद्राव्य क्षारांची ब्रेसल चाचणी करायची. क्षार क्लायंटच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले की गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, पुन्हा हलका ब्लास्ट मारायचा. हे पाणी कुठे जातं? टाकीच्या डाइकमध्ये (भोवतीच्या बांधाच्या आत), तिथून पावसाच्या पाण्याच्या गटारात आणि गटारातून खाडीत. जुन्या टाकीवर बऱ्याचदा झिंक क्रोमेट प्रायमर असतो, कधी शिशाचा जुना पेंटही निघतो. म्हणजे वापरलेलं ग्रिट आणि धुतलेलं पाणी साधा कचरा की घातक, हे प्रयोगशाळेतून तपासल्याशिवाय ठरत नाही. दर चौरस मीटरला तीस-चाळीस किलो ग्रिट सहज लागतं. हजार चौरस मीटरची टाकी असेल तर तीस-चाळीस टन माल जमिनीवर पडतो, आणि तो काम सुरू झाल्यावर आठवला तर उशीर झालेला असतो. जुन्या पेंटचा नमुना काम सुरू व्हायच्या आधी काढा. त्यावरून कचऱ्याचं वर्गीकरण कळतं आणि ब्लास्टरच्या मास्कची, हवेच्या पुरवठ्याची आणि रक्ततपासणीची गरजही कळते. एकाच नमुन्यातून दोन खात्यांची उत्तरं मिळतात. कोरडी वाळू तर वापरूच नका. सिलिकोसिस झाला की फुप्फुसं पुन्हा पूर्ववत होत नाहीत.

खरी कसोटी लागते ती तिघांची ओढ तीन दिशांना असते तेव्हा. धूळ खाडीवर आणि शेजारच्या वाडीवर जाऊ नये म्हणून ताडपत्रीचा बंदिस्त मांडव हवा, असं पर्यावरण म्हणतं. क्यूसीलाही मांडव हवाच असतो, कारण आत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावून आर्द्रता आटोक्यात ठेवता येते. पण मांडव बंद केला की आतली धूळ, थिनरची वाफ आणि उकाडा तिन्ही वाढतात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते, आणि उघडी जागा बघता बघता कन्फाइन्ड स्पेससारखी (हवा न खेळणाऱ्या कोंदट जागेसारखी) होते. अशा वेळी धूळ गाळून बाहेर काढणारा एक्झॉस्ट किती क्षमतेचा लावायचा, दिवे फ्लेमप्रूफ (वाफेला पेटवू न देणारे) आहेत का, एलईएल (वाफ पेट घेण्याच्या किती जवळ आली याचं माप) कुठे आणि किती वेळाने मोजायचं, पेंटिंग चालू असताना डीह्युमिडिफायरची हवा पुरेशी बदलते का, हे प्रश्न तिघांनी एका टेबलावर बसून सोडवायचे असतात. तीन वेगळ्या प्रोसीजरमध्ये याचं उत्तर सापडणार नाही, कारण प्रत्येक प्रोसीजर आपापल्या जागी बरोबर असते.

हायड्रोटेस्टमध्येही (पाइपलाइन पाण्याने भरून दाब देऊन तपासण्यात) हीच गत. स्टेनलेस स्टीलच्या लाइनला क्लोराइड कमी असलेलं पाणी लागतं. खाडीजवळच्या बोअरचं पाणी मचूळ, म्हणून टँकर मागवायचा. शटडाउन बहुधा पावसाळ्याआधी येतो आणि मे महिन्यात आसपासची गावंच टँकरवर असतात. मग कोणीतरी सुचवतं, हवेनेच टेस्ट करू. एएसएमई बी ३१.३ या पाइपिंगच्या मानकाप्रमाणे पाण्याची चाचणी डिझाइन दाबाच्या दीडपट घेतात आणि हवेची किमान १.१ पट, त्यामुळे हवेची चाचणी सौम्य वाटते. प्रत्यक्षात दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्याच्या कितीतरी पट असते. पाण्याने भरलेली लाइन फुटली तर भिजवते, हवेची फुटली तर फ्लँजचे तुकडे उडतात. पाणी वाचवायचं म्हणून माणसांचा जीव पणाला लावायचा नाही. एका लूपचं (एकत्र तपासायच्या पाइपांच्या भागाचं) पाणी गाळून, तपासून दुसऱ्या लूपला वापरायचं, आणि लूपचा क्रम त्यासाठी आधीच लावून ठेवायचा. इनहिबिटर (गंजरोधक रसायन) घातलेलं पाणी शेवटी कुठे सोडायचं ते क्लायंटच्या ईटीपीशी (सांडपाणी प्रक्रिया केंद्राशी) लेखी ठरवून मगच व्हॉल्व्ह उघडायचा. हे सगळं टेस्ट पॅकेजच्या (चाचणीच्या कागदपत्रांच्या) पहिल्या पानावर आलं की झालं एकत्रीकरण.

या तीन गोष्टी किती आतून जोडलेल्या आहेत हे दोन मोठ्या दुर्घटनांत दिसतं. उत्तर समुद्रातल्या पायपर आल्फा प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ ला १६७ जण गेले. एका कंडेन्सेट (वायूपासून निघालेलं द्रव इंधन) पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि तिथे ब्लाइंड फ्लँज (पाइपचं तोंड बंद करणारी चकती) लावला होता. पंपाचं एक परमिट, व्हॉल्व्हचं दुसरं, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध कुठेच लिहिलेला नव्हता. रात्रपाळीने पंप सुरू केला आणि गळती झाली, कारण फ्लँज दाब धरेल इतका आवळलेला नव्हता. आता हा फ्लँज न आवळणं गुणवत्तेची चूक की सुरक्षेची? आपल्याकडे २७ जुलै २००५ ला, मुंबईच्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी, अरबी समुद्रातल्या मुंबई हाय नॉर्थ या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जहाज रायझरला (समुद्रतळाशी जोडणाऱ्या तेल-वायूच्या उभ्या पाइपला) धडकून आग लागली आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म खलास झाला. तिथल्या ३८४ जणांपैकी २२ जण गेले. ते जहाज प्लॅटफॉर्मजवळ आलं होतं ते एका जखमी स्वयंपाक्याला उतरवायला, त्याची बोटं कापली होती. गॅलीतली सुरी, जहाजाचे थ्रस्टर, रायझरची जागा आणि समुद्राची हवा या गोष्टी कुठल्याच कंपनीच्या तक्त्यात एका रांगेत नसतात.

म्हणून माझा आग्रह एकाच कागदाचा आहे. प्रत्येक कामासाठी एक पत्रक, शक्यतो दोन पानांत. डाव्या बाजूला कामाच्या पायऱ्या, जशा मुकादम सांगेल तशा. प्रत्येक पायरीसमोर तीन गोष्टी: कुठे थांबून तपासायचं, माणसाला काय होऊ शकतं, आणि जमिनीवर-पाण्यात-हवेत काय जाऊ शकतं. आज तुमच्याकडे मेथड स्टेटमेंट (काम कसं करायचं), जेएसए (कामातले धोके), इन्स्पेक्शन प्लॅन आणि कचऱ्याचा आराखडा असे चार कागद असतील. त्यांतल्या पायऱ्यांची नावंही जुळत नसतील. आधी पायऱ्या जुळवा. मग क्यूसीचा होल्ड पॉइंट (तपासणीशिवाय पुढे न जाण्याची जागा) आणि परमिटची अट एकाच पायरीवर आहेत असं तुमच्या लक्षात येईल. ब्लाइंड लावला, टॉर्क मारला, क्यूसीने सही केली, तेव्हाच परमिटवरचं आयसोलेशन (लाइन इतरांपासून तोडणं) पूर्ण धरायचं. तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची मानकं, म्हणजे वर्क परमिटसाठी ओआयएसडी-१०५ आणि कंत्राटदारांच्या सुरक्षेसाठी ओआयएसडी-२०७, क्लायंट लावतोच. त्यांच्या चौकटीला धक्का न लावता हे जमतं, कारण परमिट क्लायंटचं असतं आणि पत्रक तुमचं.

हे पत्रक सकाळच्या टूलबॉक्स टॉकला (काम सुरू होण्याआधीच्या छोट्या बैठकीला) मराठी-हिंदीत वाचायचं, आणि वाचून झाल्यावर माणसांना बोलू द्यायचं. कामगारांचा सहभाग ४५००१ च्या ५.४ कलमात आहे म्हणून नव्हे, तर त्यांना माहिती असते म्हणून. इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या कांड्या) कोरडे ठेवणारा पोर्टेबल ओव्हन थंड का, हे वेल्डर सांगतो: बोर्डाला सॉकेट दोनच, एकावर ग्राइंडर, दुसऱ्यावर पंखा. लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड कोकणच्या दमट हवेत उघडा राहिला की ओल धरतो आणि जॉइंटला भेग जाण्याचा धोका वाढतो. त्याच बोर्डाचा ईएलसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) पावसात सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी तो बायपास करतो. चार सॉकेटचा धड बोर्ड आणला तर वेल्डही सुधारतो आणि शॉक लागण्याचा धोकाही कमी होतो. आणि डाइकचा निचरा व्हॉल्व्ह उधाणाच्या भरतीला उघडा राहिला तर खाडीचं पाणी उलटं आत येतं आणि पडलेलं ग्रिट, तेल सगळं सोबत घेऊन जातं, हे गावातला हेल्पर सांगेल. त्याला अमावस्या-पौर्णिमेचा हिशोब पाठ असतो. पुण्याहून आलेल्या इंजिनीअरला तो नसतो.

सगळंच एकत्र करायचं नाही, हेही तितक्याच जोराने सांगतो. पेंट रिजेक्ट होणं, माणूस पडणं आणि तेल सांडणं या तिघांना एकाच ५ गुणिले ५ च्या जोखमीच्या तक्त्यात (शक्यता गुणिले परिणाम) गुण देऊ नका. तिथे रोजचा फुटकळ रिजेक्ट आणि क्वचित होणारा मृत्यू सारख्याच आकड्यावर येऊन बसतात, आणि मग पैसा रिजेक्टवर खर्च होतो. ओळख एकत्र करा, मोजमाप वेगळं ठेवा. रेडिओग्राफीच्या सोर्सची नोंद, गॅस टेस्टची नोंद आणि कायद्याने ठरवलेली रजिस्टरंही आहेत तशीच वेगळी राहू द्या.

अपघात, एनसीआर आणि सांडलवंड यांचं मात्र रजिस्टर एकच हवं, आणि मूळ कारण शोधायची पद्धतही एक. महिन्याअखेरीस त्या रजिस्टरातल्या कारणांच्या रकान्यावरून बोट फिरवा. 'सुपरवायझर दोन ठिकाणी होता' किंवा 'ड्रॉइंग जुनं होतं' हे कारण तिन्ही प्रकारच्या नोंदींसमोर दिसेल. वेगळ्या फायलींत ते वर्षानुवर्षं दिसत नाही.

आता पैशाचं, कारण तिथे सगळं अडतं. तुम्ही ब्लास्टिंगच्या टोळीला चौरस मीटरवर पैसे देत असणार. सगळेच देतात. तो दर टोळीला सांगतो की मीठ तपासायला थांबलास तर नुकसान तुझं, हार्नेस अडकवायला थांबलास तरी तुझंच. दर मीटरवरच ठेवा, पण मीटर मोजायचा तो क्षारांची चाचणी आणि डीएफटी (सुकलेल्या पेंटची जाडी) पास झाल्यावर, आणि त्या जागेचं ग्रिट उचलून झाल्यावर. आर्द्रतेमुळे थांबावं लागलं तर हजेरी द्या. ती हजेरी दुबार कामाच्या खर्चापुढे काहीच नाही.

क्लायंटकडेही हेच मागा. प्री-बिड बैठकीत विचारा, घातक कचऱ्याची वाहतूक आणि विल्हेवाट बीओक्यूत (कामं आणि मापांच्या यादीत) वेगळी ओळ आहे का. नसेल तर ती दरात कुठेतरी गडप होते आणि पुढे रिकामे डबे भंगारवाल्याकडे जातात. पेंट-थिनरचे डबे आपल्या वाड्यांमध्ये पाणी साठवायला वापरलेले मी पाहिले आहेत, आणि तो डबा कुठून आला हे त्या घरातल्या बाईला कोण सांगणार? २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे असे डबे घातक कचऱ्यातच येतात. साठवण ९० दिवसांपर्यंत, पाठवताना मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा नोंदीचा कागद), आणि आपल्या भागातून माल जातो तळोज्याच्या सामाईक केंद्राकडे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी बहुधा प्लांटमालकाच्या नावावर असते, त्यामुळे कचरा कोणाच्या नावाने बाहेर जाईल हे करारातच लिहून घ्या. आणि तुमच्या आरए (चालू कामाच्या) बिलाला टेस्ट रिपोर्ट जोडता तशीच मॅनिफेस्टची प्रतही जोडा.

माणसांचा प्रश्न राहिला. तुमच्या आकाराच्या फर्मला तीन विभागप्रमुख नकोत. व्यवस्था सांभाळणारा एकजण पुरे, पण तो साइटवर वाढलेला असावा, ऑफिसात फाइल लावणारा नको. बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत सुरक्षा अधिकारी ५०० कामगारांपासून बंधनकारक होता; नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षा संहितेत बांधकामासाठी ही मर्यादा २५० आहे. क्लायंट त्याच्या कितीतरी आधी मागतो आणि ते बरोबरच आहे. एक गोष्ट मात्र पक्की ठेवा: काम थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस बिलिंगची जबाबदारी असलेल्या साइट मॅनेजरच्या हाताखाली नसावा. त्याने थेट तुम्हाला, मालकाला, फोन करावा. आणि त्याने काम थांबवलं त्या दिवशी तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलात की नाही, हे टोळीतला प्रत्येकजण बघत असतो.

क्रम असा ठेवा. यंदा पावसाळ्यात, काम मंद असताना, तुमच्या सर्वांत जास्त येणाऱ्या दोन-तीन कामांची पत्रकं करा. ऑक्टोबरला ब्लास्टिंग सुरू झालं की ती साइटवर वापरा, खाडाखोड होऊ द्या. ती खाडाखोड झालेली पत्रकं घेऊन अंतर्गत ऑडिट करा आणि त्यानंतर कन्सल्टंटला बोलवून कलमं जुळवायला सांगा. उलट्या क्रमाने गेलात तर मॅन्युअलला शोभेल असं काम दाखवत बसावं लागतं.

ऑडिटर हवामान बदलाबद्दलही विचारेल, कारण फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने तो मुद्दा तिन्ही मानकांच्या ४.१ आणि ४.२ कलमांत आला आहे. कोकणात त्याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. आपत्कालीन आराखडा १४००१ आणि ४५००१ दोन्ही ८.२ ला मागतात, ९००१ मागत नाही. म्हणून वादळानंतर क्यूसीने काय करायचं हे बहुतेक आराखड्यांत नसतं. तुमच्या आराखड्यात ते घाला. बंदरावर तीन नंबरचा (वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा) बावटा लागला की मांडवाच्या ताडपत्र्या उतरवायच्या, सैल फळ्या आणि डबे बांधायचे, डाइकचे व्हॉल्व्ह बंद करायचे, इलेक्ट्रोड ओव्हनसह आत घ्यायचे. वादळ ओसरल्यावर स्कॅफोल्डचे सगळे हिरवे (वापरायला सुरक्षित असल्याचे) टॅग काढून तपासणीनंतर नव्याने लावायचे. डाइकमधलं पाणी आधी बघून, तेलाचा तवंग असेल तर वेगळं काढायचं. आणि वादळाआधी ब्लास्ट करून ठेवलेला पत्रा कितीही चकचकीत दिसला तरी मिठाची चाचणी पुन्हा केल्याशिवाय त्यावर पेंट लावू द्यायचा नाही.